मदत मिळाली, हे कोणी ठरवायचे?

रॉयल गुल्ड वायल्डर 1852मध्ये कोल्हापुरात आले, ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून. मिशनने शाळांना किती महत्त्व द्यावे, यावरून त्यांचे आणि बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे मुळीच जमले नाही. पुढे बोर्डाने कोल्हापूरचे काम थांबवले. वायल्डर अमेरिकेला गेले खरे, पण 1861मध्ये कुठल्याही बोर्डाच्या पाठबळाशिवाय परत आले. 1870मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने त्यांचे काम स्वीकारले. आज शहरात त्यांच्या नावाचे चर्च आहे. हा इतिहास सांगताना ‘देवाने मार्ग उघडला’ असे म्हटले जाते. पण कोल्हापूरचे काम थांबवणारेही प्रार्थना करणारेच लोक होते. वायल्डर यांचा जम बसला नसता, तर त्यांच्याच वागण्याला आपण हट्ट म्हटले असते. मग देवाचा हात नेमका कुठे होता, आणि तो ओळखला कोणी?

शंकेखोराचा आक्षेप असा, की पत्ते उघडल्यावर हुकूम कोणता ते ठरवण्याचा हा प्रकार आहे. आक्षेपात तथ्य आहे. कोणत्याही मंडळीची वार्षिक सभा पाहा. अहवालाची सुरुवात उपकारस्तुतीने होते. मग छपराची दुरुस्ती, पाळकांचा पगार, वर्गणी, नवे सभासद. जमेच्या प्रत्येक रकमेवर देवाचे नाव, आणि थकबाकी मात्र ‘काही अडचणींमुळे’. मदत म्हणजे यश, एवढाच हिशोब असेल तर देवाला मध्ये आणण्याची गरज नाही. चांगला खजिनदार पुरेसा आहे.

पण बायबलमधल्या ज्या कथेवरून मंडळ्या ही भाषा शिकल्या, ती कथा इतकी सोपी नाही. पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर शमुवेलाने एक दगड उभा केला आणि परमेश्वराच्या साहाय्याची खूण म्हणून त्याला एबन-एजर नाव दिले. हे सगळ्यांना पाठ असते. याच नावाच्या ठिकाणी इस्राएलाने आधी छावणी टाकली होती आणि तिथून लढायला जाऊन दारुण पराभव पत्करला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या लढाईत कराराचा कोश त्यांनी जवळजवळ हमीपत्रासारखा रणांगणावर नेला होता. तो शत्रूच्या हाती गेला. ग्रंथाने पराभव खोडला नाही. उलट त्याच नावाखाली तो आधी नोंदवून ठेवला. मदतीची साक्ष विश्वासार्ह होते ती इथे: जमेबरोबर खर्चही त्याच पानावर असतो तेव्हा.

उशिरा ओळख पटली म्हणून ती खोटी, असेही नव्हे. मराठी माणसाला हे पैठणच्या श्रीखंड्याने केव्हाच शिकवले आहे. संत एकनाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी वाहणारा तो साक्षात देव होता, हे तो गेल्यावर कळले. रांजण मात्र रोज भरत होता. शिवाय देवाचे नाव घेतले की माणसांचे श्रेय जाते, हा आक्षेपही या कथेपुढे लटका पडतो, कारण पाणी भरणारे हात तिथे माणसाचेच दिसत होते. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेव्हा देणगीदार होते, आगगाडी होती, रमाबाईंची जिद्द होती. रमाबाई तरीही त्याला देवाचे काम म्हणत. यात वेगळे कारण शोधल्याचा दावा नाही. हे ऋण कोणाचे आणि ते फेडायचे कोणाकडे, याचा तो निर्णय आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनची दारे त्या निर्णयामुळे पुढच्या दुष्काळातही उघडी राहिली. मला तरी याहून चांगली कसोटी दिसत नाही: मिळालेली मदत ज्याला मिळाली त्याच्यापाशीच थांबली, की पुढे गेली?

सगळ्यात अवघड आक्षेप उरतोच. ऑगस्ट 2019मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. अशा वेळी कोणाचे घर वाचते, कोणाचे गळ्यापर्यंत बुडते, आणि दोन्ही घरची माणसे रविवारी एकाच बाकावर बसू शकतात. एकाने उठून ‘देवाने आम्हांला वाचवले’ म्हटले, तर दुसऱ्याने काय समजायचे? त्याची प्रार्थना कमी पडली? नदी घरांची उंची पाहते, घरमालकाची भक्ती नाही. म्हणून साक्ष देणाऱ्याने आधी शेजारच्या बाकाकडे पाहावे. कोरड्या राहिलेल्या घरात त्या शेजाऱ्याची भांडी, अंथरुणे, पोरे आली असतील, तर ‘मदत झाली’ हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारता येते. नसतील, तर गप्प बसलेले बरे. बायबलमधल्या संकटग्रस्त ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर मुकाट बसले होते तोवर त्यांचे काही चुकले नव्हते; चुकले ते कारणे सांगू लागल्यावर. बुडालेल्या घरी मंडळीने डबे न्यावेत, चिखल काढायला चार माणसे न्यावीत, शाळेची पुस्तके आणून द्यावीत. पुढे कधी त्या घरातलेच कोणी उपासनेत उठून देवाची मदत झाली म्हणाले, तर ती साक्ष. तोवर त्यांच्या वतीने ते इतर कोणी म्हणू नये, पाळकांनीसुद्धा.