नकाशा, घाट आणि आप्त

भोरहून महाडला उतरायचं म्हटलं की फोनमधला नकाशा वरंधा घाटाकडे बोट दाखवतो. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तिथली अवजड वाहतूक अनेकदा बंद असते. गाडी चौदा टायरी आहे की मारुती, हे तर साधं अ‍ॅप विचारतही नाही. मग ड्रायव्हर काच खाली करतो आणि समोरून आलेल्याला हाक मारतो, "भाऊ, पुढं गाडी निघंल का?"

विश्वास कशावर ठेवायचा, हा न्यायदर्शनाचा जुना वाद इथे ऐन चढावर उभा राहतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणं. पडद्यावरचा निळा ठिपका हे अनुमान. सुमारे २०,२०० किलोमीटरवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन जागा ठरवतो. उघड्या रस्त्यावर तो फार तर काही मीटर चुकतो. ठिपक्याखालचा रस्ता मात्र शब्द आहे, कुणीतरी कधीतरी नोंदवून ठेवलेला. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालक दगावला. नकाशातला पूल पाण्याखाली होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. अनुमान शाबूत होतं, दगा दिला शब्दाने.

शब्द प्रमाण कधी? तो आप्ताचा असेल तेव्हा, असं न्यायसूत्रकार गौतमाचं सूत्र. वस्तू स्वतः जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगू इच्छिणारा तो आप्त, असा भाष्यकार वात्स्यायनाचा खुलासा. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे धाब्यावरचा पोऱ्यासुद्धा त्याच्या घाटापुरता आप्त ठरतो. फोनने घाट पाहिलेला नाही, आणि त्याला काही सांगायचंही नाही.

मीमांसादर्शन मानणारे मीमांसक इथे हरकत घेतील. दोष बोलणाऱ्यात असतो, बोलणाराच नसेल तर दोष कुठून येणार? वेद त्यांना अपौरुषेय वाटतात ते म्हणूनच. पण "उजवीकडे वळा" म्हणणाऱ्या त्या शांत बाईमागे नोंदी करणारी माणसं आहेतच. मीमांसकांचं दुसरं म्हणणं मात्र बिनतोड: खोटं ठरेपर्यंत ज्ञान खरंच धरायचं. द्रुतगती मार्गावर प्रत्येक फाट्याला चौकशी करत बसलं तर माल कधी पोचायचा?

नैयायिक म्हणतो, ज्ञान खरं की खोटं ते फळावरून कळतं. पाणी की मृगजळ, ते जवळ गेल्यावर. ट्रेलरवाल्याला हे परवडत नाही. फळ कळेपर्यंत गाडी वळवायला जागाच उरलेली नसते. पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्याच जातीचं हे ज्ञान आहे, म्हणून आधीच विश्वास ठेवावा, हीसुद्धा नैयायिकांचीच तोड. पण हायवेवर शंभरदा खरा ठरलेला नकाशा आणि घाटातला नकाशा एका जातीचे कसे?

मुरलेले ड्रायव्हर माणसालाही लगेच आप्त मानत नाहीत. गाडीच्या लांबीकडे न बघताच जो "जाईल की" म्हणतो, त्याला रामराम करून ते पुढच्याला विचारतात.