सायकलवारीचे पाथेय



कार्तिक वद्यातली गोष्ट. आमच्या भंडाऱ्यात सायंकाळचा हरिपाठ आटोपला, आरती झाली, मंडळी बुक्का लावून घरोघर निघाली. पाच-सहा तरुण मात्र सभामंडपात घुटमळत राहिले. त्यांच्यातल्या एकाने कागद पुढे केला. म्हणाला, “महाराज, येत्या आषाढीला आम्ही सायकलीने पंढरपूरला जातो. सहा दिवसांत पोचायचं. तुमचा आशीर्वाद पाहिजे.” कागदावर रोजचे मुक्काम आखले होते, दिवसाकाठी सव्वाशे किलोमीटर.

कागद आम्ही वाचतो आहो तोच खांबाआडून साठीचे एक गृहस्थ पुढे आले. सारा जन्म त्यांनी पितळेची भांडी घडविली. आमचे शहर ज्या कामासाठी नावाजले, तेच काम. ते म्हणाले, “महाराज, मलेही यायचं आहे. सायकल मी रोज चालवतो. पंढरपूर अजून पाह्यलं नाही.” पोरांच्या माना खाली गेल्या. कुणी नाही म्हणेना आणि कुणी हो म्हणेना. ह्या मुक्या मानांचा निकाल लावणे आमच्याकडे आले. तो आम्ही कसा लावला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम एका शंकेचे निवारण करू. वारी पायांनी करावयाची. तीत सायकल कशाला, असे कोणी विचारील. पायी वारीची बरोबरी आम्ही सांगतच नाही. विदर्भातून कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी जाते, शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी जाते, आणि शेगावचे वारकरी सुमारे महिनाभर चालत असतात. भंडारा तर त्याहूनही पूर्वेला. इथून पंढरी सातशे किलोमीटरांहून लांब. ज्याच्या बांधीत धानाचे पऱ्हे वाढले आहेत त्याने महिना-सव्वा महिना घर सोडावे तरी कसे? तो एस.टी.ने किंवा आगगाडीने जातो, आणि देव त्यालाही भेटतो. सायकल निदान स्वतःच्याच पायांनी चालते. नाशिकचे सायकलस्वार आषाढीच्या आधी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तीन दिवसांत तोडून पंढरपुरास जातात. तेव्हा सायकलवारी काही अगदीच नवलाची राहिलेली नाही. प्रश्न एवढाच की, तिची तयारी कशी करावी?

आम्ही पाठशाळेत शिकलो. तिथली खोड अशी की, कामाला हात घालण्यापूर्वी शब्दाची व्युत्पत्ती पाहावी. ‘पथिन्’ म्हणजे वाट. ह्याच एका शब्दापासून ‘पाथेय’ झाला आणि ‘पथ्य’ही झाला. वाटेसाठी बरोबर घ्यावयाचे ते पाथेय. वाट सुटू नये म्हणून पाळावयाचे ते पथ्य. तिसरा शब्द ‘सार्थ’. त्याचा एक अर्थ वाटसरूंचा तांडा. ज्यांचा अर्थ, म्हणजे हेतू, एक आहे असे सोबती. पाथेय, पथ्य आणि सार्थ ही तिन्ही जुळली तर प्रवास झाला म्हणावे.

परंतु त्याआधी मुहूर्त. आम्ही पोरांना विचारले, “बाबांनो, आषाढात आपल्याकडे काय चालते?” उत्तर एकच, रोवणी. घरचा कमावता हात त्या दिवसांत नेऊन आई-बापांना चिखलात एकटे ठेवणे, ही वारी नव्हे. शिवाय आषाढात वारा पश्चिमेकडून जोराचा. आपण नैऋत्येस जाणार, म्हणजे तो सारी वाट तोंडावर. पावसाने रस्ता निसरडा तो वेगळाच. वारकऱ्यांच्या मुख्य वाऱ्या चार: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. कार्तिकीला धानाची कापणी, चैत्रात ऊन. राहिली माघी. धान घरात आलेला, रस्ता कोरडा, सकाळ थंड आणि वारा बहुधा ईशान्येचा, म्हणजे पाठीला. ज्यांचा उन्हाळी धान आहे त्यांनी घरी विचारून निघावे. पौष वद्य त्रयोदशीस प्रस्थान ठेवले की माघ शुद्ध दशमीपर्यंत तेरा दिवस होतात. तिथी वाढली-घटली तर पंचांग पाहून एखादा दिवस मागेपुढे. वद्य एकादशीचा उपवास घरीच होऊन जातो. वाटेत एकादशी नाही, पुढची थेट चंद्रभागेच्या काठी.

आता पाथेय. सायकलीवर ओझे आठ किलोंच्या वर नको. ते पाठीवर मुळीच नको. पाठीवरची पिशवी शेवटी मनगटांवर आणि बैठकीवर उतरते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या पिशव्या बांधाव्या, जड वस्तू खाली. कपड्यांचे दोन जोड, एक चादर, गोपीचंदन, हरिपाठाची पोथी. टाळ सगळ्यांत मिळून दोन जोड पुरे. पखवाज नेण्याचा हट्ट सोडावा. धोतर पिशवीत ठेवावे आणि मुक्कामी नेसावे, चालत्या साखळीला धोतराची फार आवड असते! पंक्चरचे सामान, दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, पाने, ब्रेकचे रबर, ब्रेकची वायर आणि तेलाची लहान बाटली एवढे तांड्यात असलेच पाहिजे. आणि ते वापरता येणारी दोन माणसे तरी असावीत. ज्याला स्वतःच्या सायकलीचे चाक काढून लावता येत नाही, त्याने निघण्यापूर्वी आठवडाभर सायकलच्या दुकानात बसून शिकावे. त्यात लाज कसली? खाण्याला पोहे, चुरमुरे, शेंगदाणे-गूळ. भूक कडाडेपर्यंत थांबू नये, तासातासाला मूठभर खावे. पाणी तहान लागण्याआधी प्यावे आणि त्यात लिंबू, साखर व चिमूटभर मीठ असावे.

पथ्याचा भाग मोठा आहे. पहिले पथ्य बैठकीचे. पायटा अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बैठक ठेंगणी असली की गुडघ्याची पुढली बाजू दुखते, आणि ते दुखणे दोनशे किलोमीटरांनंतर बोलू लागते. दुसरे, सराव. कार्तिक वद्यापासून प्रस्थानापर्यंत दोन महिने मिळतात. आधी लाखनीपर्यंत जाऊन यावे, चाळीसेक किलोमीटर होतात. मग साकोली, मग पवनी. एखाद्या रविवारी आंभोऱ्यास जावे. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूशी ज्या स्थानाचे नाव जोडले जाते, त्या वैनगंगेच्या संगमावर चैतन्येश्वराचे दर्शन घ्यावे. आता तिथे नवा पूलही झाला आहे. दर आठवड्यास अंतर थोडेथोडेच वाढवावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विसावा घ्यावा. निघण्यापूर्वी एकदा भरल्या ओझ्यानिशी लागोपाठ दोन दिवस साठ-साठ किलोमीटर करून पाहावे. पहिला दिवस उत्साह नेतो; दुसऱ्या दिवशी तयारी कळते. तिसरे, पन्नाशीपुढच्यांनी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि छाती तपासून घ्यावी. “विठ्ठल पाहून घेईल” असे म्हणून तपासणी टाळणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. चौथे, हमरस्त्यावर एकामागे एक चालावे, डोक्याला हेल्मेट, मागे तांबडा दिवा. उजाडल्यावर निघावे, उन्हाच्या वेळी सावली धरावी, दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठून हरिपाठाला बसावे. रात्री चालणे नाही म्हणजे नाही.

वाट सरळ आहे. भंडाऱ्याहून नागपूर, तेथून बुटीबोरी. बुटीबोरीपासून तुळजापूरपर्यंत ३६१ क्रमांकाचा एकच राष्ट्रीय महामार्ग लागतो: वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा. कळंबास चिंतामणी, नांदेडास गोदावरीचे स्नान आणि गुरुद्वाऱ्याचा लंगर, तुळजापुरास आई भवानी. तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरतो. तिथे ब्रेक सारखा आवळून धरू नये, दाबत-सोडत उतरावे. पुढे मोहोळावरून पंढरी. मुक्कामाच्या गावी देवळाच्या पंचांना किंवा सरपंचांना आधी फोनने कळवून ठेवावे. न कळविता दहा माणसे रात्री दारात उभी करणे म्हणजे यजमानावर जुलूम.

आता तिसरा शब्द, सार्थ. इथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे.

सन १९८५च्या माघात आम्ही आणि आमचा एक सहाध्यायी असे दोघे सायकलीने पंढरीस निघालो. वय विशी-पंचविशीचे, अंगात मस्ती. तयारी काय? काहीच नाही. त्याची सायकल भाड्याची, बैठक ठेंगणी, पिशवी पाठीवर. यवतमाळ ओलांडले आणि आर्णीच्या अलीकडे त्याचा गुडघा सुजला. त्याने एका खेड्यातल्या मारुतीच्या देवळात अंग टाकले. म्हणाला, “दोन दिस थांब, उतरते.” आम्ही पंचांग काढले. दोन दिवस थांबलो तर दशमी चुकते. आम्ही थांबलो नाही. तो एस.टी.ने परत गेला आणि आम्ही एकादशीला महाद्वारात उभे राहिलो.

परत आल्यावर प्रसाद घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने चुरमुरे-बत्तासे हातात घेतले, कपाळाला लावले आणि सहज विचारले, “देवानं इचारलं का तुले, संगतीचा कोटी आहे म्हनून?” त्याच्या मनात राग नव्हता. म्हणूनच उत्तर सुचले नाही. पुढे संसारात त्याला पंढरी घडली नाही; तो गेला. आम्ही त्यानंतर कितीतरी वेळा पंढरीस गेलो. दर वेळी पायरीवर माथा टेकला की तो प्रश्न ऐकू येतो.

तेव्हा सज्जनहो, त्या रात्री आम्ही पोरांचा कागद परत दिला आणि म्हटले, “सहा दिवस कुणाचे? तुमच्या मांड्यांचे. तांड्याचे दिवस वेगळे.” ज्यांना घड्याळाशी शर्यत करावयाची त्यांच्यासाठी बीआरएम नावाच्या सायकलफेऱ्या आहेत, त्यांत २०० किलोमीटरांना साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरांना चाळीस तास मिळतात. तो पुरुषार्थ आहे, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. पण वारीत जो सर्वांत सावकाश, त्याच्या पायावरून दिवस मोजावे. त्याला मागे न ठेवता पुढे घालावे, म्हणजे चाल आपोआप ठरते. बारा दिवसांना रोजचे साठ-पासष्ट किलोमीटर पडतात आणि नांदेडास एक दिवस विसावा. एखाद्याचा गुडघा सुजलाच तर तो विसाव्याचा दिवस त्याचा. त्याहूनही अधिक थांबावे लागले तर दशमी चुकेल, एकादशी चुकेल. द्वादशीला सगळे मिळून पोचावे. विटेवर अठ्ठावीस युगे उभा असणारा आणखी दोन दिवस उभा राहणार नाही काय?

पोरे बराच वेळ बोलली नाहीत. मग ज्याने कागद आणला होता त्यानेच तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिले नाव काकांचे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची बैठक दोन बोटे वर चढविली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चालू केली आणि सावकाश सराव करण्यास हरकत नाही म्हणून सांगितले. हे लिहीत असता मार्गशीर्ष लागला आहे. परवा काका लाखनीला जाऊन आले. चढावर दोनदा उतरले, पण आले. पोरांपैकी एक जण दोन्ही वेळा त्यांच्याबरोबर उतरला, हे आम्हांस अधिक आवडले.

पोचतील की नाही हे पांडुरंग जाणे. ३६१ क्रमांकाच्या वाटेवर ज्या वाचकांचे गाव असेल, त्यांनी पौषाच्या अखेरीस आणि माघाच्या आरंभी दारावरून तांबडे दिवे लावलेल्या सायकली जाताना दिसल्या तर तांब्याभर पाणी द्यावे आणि एवढेच विचारावे, “मंडळी, सगळे आहात ना?”

रामकृष्ण हरि.