बांध नेमका कोणाचा?

सोयाबीन काढणीला आलं की हिंगोलीकडच्या शिवारात जुना वाद नव्याने पेटतो. मळणी यंत्र शेतात न्यायचं कुठून? ज्याचं शेत रस्त्याला लागून नाही, त्याला दुसऱ्याच्या बांधावरूनच जावं लागतं. आणि बांध तर दरवर्षी बारीक होत चाललेला असतो. नांगराने पडणाऱ्या चरीला तास म्हणतात. एक तास या बाजूने, एक त्या बाजूने, असा बांध कोरला जातो. मग काळ्या मातीत पाऊस झाला की उरलेल्या पट्टीवर बैलगाडीसुद्धा रुतते.

मला हा प्रश्न कायद्याच्या आधी नीतीचा वाटतो. सातबारा माझ्या नावावर आहे, पण जिथे पोचताच येत नाही ती जमीन कितपत माझी? नीट पाहिलं तर एकाची मालकी दुसऱ्याने सोडलेल्या कडेवर उभी असते.

कायद्यालाही हे मान्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे. वाट हद्दीवरून दिली की कोणाच्या शेताचे दोन तुकडे होत नाहीत आणि नुकसान दोघांत वाटलं जातं.

पण नुकसान असतंच. एक एकराचा चौरस तुकडा घ्या. त्याची एक बाजू साधारण 209 फूट. तिच्या कडेने आठ फुटांची वाट सोडली तर दीड गुंठा जातो. दोघांनी चार-चार फूट सोडले तर प्रत्येकी पाऊण गुंठा. एकरभरच रान असलेल्याला पाऊण गुंठाही जड जातो, म्हणून त्याला सरसकट आडमुठा म्हणणं मला पटत नाही. ज्याचं रान मोठं, त्याने थोडं जास्त सोडावं. हे कलमात लिहिलेलं नाही, पण न्याय्य आहे.

गावाची कड म्हणजे गावकूस. बांधावरून निदान वाट तरी जाते; गावकुसाने माणसांनाच बाहेर ठेवलं. याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. औंढा नागनाथची आख्यायिका सांगते, की कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागे जायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. ज्याला कडेला लोटलं, त्याच्याकडे देवाने तोंड केलं, हे लोकांना पटलं म्हणूनच ही गोष्ट टिकली असावी.

कड राखायची ती पलीकडच्याला येता यावं म्हणून. देवळासारखा चमत्कार शेतात होत नाही. तिथे नांगर बांधापासून एक तास अलीकडे वळवावा लागतो, तोही कोणी बघत नसताना.