निळ्या बर्फाची निवड

आकाशातून पृथ्वीवर पोहोचणारे दगड, म्हणजेच अशनी, अंटार्क्टिकावर इतर ठिकाणांपेक्षा जास्त पडतात असे नाही. तरीही जगभर सापडलेल्या अशनींपैकी निम्म्याहून अधिक त्या एकाच खंडातून मिळाले आहेत. १९१२ मध्ये ध्रुवीय संशोधक मॉसन यांच्या मोहिमेतील एका तुकडीला तेथे पहिला अशनी सापडला, तो योगायोग ठरला. १९६९ मध्ये यामातो पर्वताजवळ जपानी पथकाला नऊ दगड मिळाले, तेव्हा ते एकाच फुटलेल्या अशनीचे तुकडे असावेत असे वाटणे साहजिक होते. परंतु तपासणीत ते निरनिराळ्या जातींचे निघाले आणि वेगवेगळ्या काळी पडलेले दगड एकत्र आणणारी काही यंत्रणा तेथे असली पाहिजे, हे उघड झाले.

ही यंत्रणा बर्फाच्या गतीत आहे. खंडाच्या अंतर्भागात पडलेला अशनी हिमवर्षावाखाली गाडला जातो आणि स्वतःच्याच भाराने समुद्राकडे सरकणाऱ्या बर्फाबरोबर हजारो वर्षे वाहत राहतो. वाटेत पर्वतरांग किंवा बर्फाखाली दडलेला उंचवटा आडवा आला, की प्रवाह मंदावतो आणि खोलवरचा बर्फ वर येऊ लागतो. पठारावरून उतरणारे थंड, कोरडे वारे तेथे नवे हिम टिकू देत नाहीत. उलट उघडा पडलेला घट्ट, निळसर बर्फ संप्लवनाने, म्हणजे पाणी न होता थेट वाफ होऊन, वर्षाकाठी काही सेंटिमीटर झिजतो. बर्फ उडून जातो, दगड मात्र मागे राहतो. वातावरणातून येताना वितळून काळवंडलेले त्याचे पातळ कवच त्या निळ्या पृष्ठभागावर दुरूनही नजरेत भरते. असा निळा बर्फ खंडाच्या जेमतेम शेकडा एक भागावर आहे. तेथेच ॲलन हिल्समध्ये १९८४ साली मंगळावरून आलेला, पुढे जीवसृष्टीच्या वादामुळे गाजलेला दगड हाती लागला.

परंतु हा साठा म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांची हुबेहूब मोजदाद नव्हे. लहान खडे वारा ढकलत नेतो. शिवाय, पडताना पाहिलेल्या अशनींत लोखंडाचे अशनी शेकडा पाचच्या आसपास असतात, तर अंटार्क्टिकाच्या संग्रहात ते शेकडा एकाहूनही कमी भरतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे: लोखंड उष्णता झटकन वाहून नेते, त्यामुळे पृष्ठभागाजवळ आलेला असा अशनी बर्फात झिरपणाऱ्या उन्हाने तापून खालचा बर्फ वितळवतो आणि वर येता येता पुन्हा तेवढाच खाली बुडतो. हे गणित बरोबर असेल, तर हरवलेले लोह अशनी पृष्ठभागापासून फार तर हातभर खोलीवर असले पाहिजेत, आणि हवामान तापत जाईल तसतसे गडद रंगाचे साधे दगडही त्याच थरात उतरू लागतील.