उजवा कौल

रत्नागिरीकडच्या गावांत अजून देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे थांबतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी आजीचा पदर धरून मी ते पाहिलंय. देवळात एवढी शांतता, की बाहेरच्या माडाची झावळी हललेली ऐकू यायची. पाकळी वाळली की आपोआप सुटते, हे तेव्हा सुचलं नाही. सुचणार कुठून? घरात कुणी तसं बोलतच नव्हतं.

याच जिल्ह्यात, आंजर्ल्याजवळच्या मुर्डीत, १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. जवळच कड्यावरचा गणपती. हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजचा सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला झाला, पुढे फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य, आणि देव न मानणारा उघड बुद्धिवादी. पुरावा मागायची सवय गणितानं लावली असेल, असं आपलं मला वाटतं. पण अशा रँग्लरच्या घरात वाढणाऱ्या पोराला न मानणंसुद्धा आयतंच मिळायचं, नाही का?

आजीचं एक आठवतं. डावी पाकळी पडली की ती म्हणायची, ‘गुरवदादा, गाऱ्हाण्यात काहीतरी राहिलं, परत लावा.’ उजवी पडल्यावर ‘परत लावा’ म्हणताना मात्र मी तिला कधीच ऐकलं नाही.