पोत्यावरील नांव आणि पोसणाऱ्याचें कर्तव्य

मनुष्याची नीति उपासनामंदिरांत जितकी दिसते, त्याहून अधिक ती त्याच्या परसांत दिसून येते. आपल्या आश्रयास असलेल्या मुक्या जीवाशीं मनुष्य कसा वागतो, ह्यावरून त्याचा नीतिमानपणा ओळखावा, असा बोध नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत आहे. म्हणून आज आपण एका लहानशा गोष्टीचा विचार करूं: परसांतील कोंबड्यांकरितां कोणत्या छापाचें विकतचें खाद्य घ्यावें? ही बाजाराची गोष्ट आहे, धर्माची नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु तींत एक खोल प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून, चांगल्या हेतूनें केलेल्या कृत्यानें अपाय झाला, तर दोष कोणाचा?

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती रस्त्यावर वाडी म्हणून ठिकाण आहे. तेथें आतां नगरपरिषद आहे, आणि जेथें शेतें होतीं तेथें घरें, गोदामें व मालमोटारींचे तळ झाले आहेत. अशा ठिकाणीं ज्याच्या परसांत चार-दोन कोंबड्या असतील, त्याची स्थिति ध्यानांत घ्या. खेड्यांतील कोंबडी उकिरडा उकरते, खळ्यावरचे दाणे टिपते, किडे व वाळवी वेंचते. काय खावें व काय टाकावें हें तिचें तीच ठरविते. जेथें जमीन सिमेंटाखालीं गेली, तेथें तिची ही मोकळीक गेली. तेथें ती मालक घालील तेंच खाते. ज्याची निवड आपण आपल्या हातीं घेतली, त्याच्याविषयींचा जाबही आपल्याकडेच आला.

आतां कोणी म्हणेल, "मी तर प्रेमानें घालतों, पोट भरतें, मग आणखी काय पाहिजे?" परंतु पोट भरणें निराळें आणि पोषण होणें निराळें. क्रिस्तियान आइकमन ह्या डच वैद्यास जावा बेटांत असें आढळलें कीं, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेविलेल्या कोंबड्या पोटभर खाऊनही पायांनीं लुळ्या पडतात, आणि कोंडा असलेला तांदूळ मिळतांच बऱ्या होतात. ह्या मार्गावरील शोधाबद्दल त्याला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तसेंच, अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या, म्हणजे "लेअर" असें छापलेल्या खाद्यांत टरफलासाठीं चुन्याचा अंश सुमारें तीन-चार टक्के असतो. पिलांना सुमारें एक टक्का पुरतो. तेंच लेअर खाद्य पिलांना दिवसेंदिवस घातलें, तर त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात. घालणाऱ्याचा हेतु शुद्ध होता. पण पिलूं हेतूवर जगत नाहीं. प्रीति ज्ञानांत वाढत जावी, अशी प्रार्थना पौलानें फिलिप्पैच्या मंडळीसाठीं केली, ती व्यर्थ नव्हे. ज्याच्यावर प्रीति करावयाची त्याला काय मानवतें हें जाणून घेणें, हाही प्रीतीचाच भाग आहे.

मग दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासण्याचें काय? १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखाच्या आसपास पक्षी एकाएकीं मेले. कारण शोधतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती व त्या बुरशीनें विष उत्पन्न केलें होतें असें ठरलें. त्या विषास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. त्यावेळीं पेंड विकणाऱ्यास किंवा घालणाऱ्यास हें विष ठाऊक नव्हतें. त्यांस दोष कसा द्यावा? परंतु १९७४ सालीं आपल्याच देशांत, राजस्थान व गुजराथच्या डोंगरी भागांत, बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. आज ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जें जाणतां आलें नसतें त्याचें अज्ञान क्षम्य आहे. जें पोत्याचें तोंड उघडून वास घेतल्यानें कळलें असतें, त्याचें अज्ञान म्हणजे आळसच होय. "माणसाला चालणार नाहीं, कोंबड्यांना घाला," असें म्हणून बुरशीचे दाणे परसांत टाकण्याची संवय तर अगदींच सोडावी. तें विष कोंबडीच्या यकृतांत उतरतें, आणि त्याचा अंश अंड्यावाटे पुनः आपल्याच ताटांत येऊं शकतो.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यासंबंधानें आहे. पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यांत जंतुनाशक औषधें मिसळण्याची चाल पडली. अशा वापरानें जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हें औषध दुसरे उपाय हरल्यावर मनुष्यासाठीं राखलेलें आहे. म्हणून सरकारनें १९१९ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१९ सालीं, पशुपक्ष्यांच्या खाद्यांत त्यास बंदी केली. येथें नफा एकाचा, आणि तोटा अनोळखी रोग्याचा. ज्याला शेजारी कोण हें प्रभूनें शोमरोन्याच्या दाखल्यांत शिकविलें आहे, त्यानें "कोंबड्या झपाट्यानें फुगतील" एवढ्याच बोलावर खाद्य पसंत करूं नये.

येथें गरीब विधवा विचारील, "महागडें नांवाजलेलें पोतें मला परवडत नाहीं, मग मी पापी ठरलें काय?" मुळींच नाहीं. देव ज्याच्यापाशीं जें नाहीं तें त्याच्यापासून मागत नाहीं. शिवाय महागडें नांव म्हणजे चांगलें खाद्य असें नव्हे. नांव ही एक साक्ष आहे, आणि साक्ष तपासून घ्यावी लागते. चिठ्ठीवर खाद्य कोणत्या वयाच्या पक्ष्याचें आहे, प्रथिनें किती, आणि कोणत्या दिवशीं तयार झालें हें पाहावें. आय. एस. १३७४ हें भारतीय मानक कोंबडीखाद्यासाठीं आहे. त्याचें चिन्ह असल्यास बरें. पाऊसकाळीं महिन्याभरापुरतेंच घ्यावें, व पोतें भुईवर न ठेवतां फळीवर ठेवावें. शिळा भात, कणी, भाजीचा पाला व वेगळ्या भांड्यांत शिंपल्यांचा चुरा, ह्यांची जोड दिली म्हणजे मोठ्या कोंबडीचा खर्च पुष्कळ हलका होतो.

एकट्यास जें जड, तें मंडळीस सोपें आहे. त्रावणकोरांतील मार्तंडम येथें डॉ. स्पेन्सर हॅच ह्यांच्या वाय. एम. सी. ए. केंद्रानें गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत खेडुतांस कोंबड्या पाळणें व सहकारानें अंडीं विकणें शिकविलें. आपल्या मंडळ्यांतही चार घरांनीं मिळून ताजें पोतें घ्यावें व वांटून घ्यावें. ज्यास वाचतां येतें अशा उपदेशकानें वा मुलानें चिठ्ठी सर्वांस वाचून दाखवावी.

तर दोष कोणाचा, ह्याचें उत्तर असें: जो खोटें छापतो तो आपल्या खोटेपणाचा जाब देईल, परंतु पैसे मोजल्यानें आपली जबाबदारी दुकानदाराकडे जात नाहीं. पोतें आणि चोंच ह्यांच्यामध्यें उभा असलेला शेवटचा मनुष्य मीच आहें. यरुशलेमेकडे पाहून प्रभूनें आपल्या प्रीतीस उपमा दिली ती पिलें पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची. त्या प्राण्याचा दाणा निवडतांना तरी त्याच्या शिष्यांनीं डोळे मिटून घेऊं नयेत.