घरातला एकच मोबाइल

माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी मोबाइल घरोघरी मुलांच्या हाती गेला. तो आता काढून घेता येणार नाही, आणि घेऊही नये. मात्र ज्या पडद्यावर धडा उघडतो, त्यावरच प्रौढांसाठीची अश्लील दृश्येही उघडतात. ती मुलांपासून दूर ठेवण्याचा भार आपण बंदी आणि वयाच्या पुराव्यावर टाकला आहे. तो भार त्यांना पेलणारा नाही.

२०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने ८२७ संकेतस्थळे बंद करायला लावली. काही पत्ता किंचित बदलून परत आली. ब्रिटनने जुलै २०२५पासून वयाची पडताळणी सक्तीची केली, तेव्हा आपले ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएनचा वापर लगेच वाढला. सोलापुरातील कष्टकरी घरात तर एवढ्या खटपटीचीही गरज नाही. वडील यंत्रमागावर पाळीला, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे, आणि घरात मोबाइल एकच. अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही, म्हणजे नंबर मोठ्यांचाच. ओटीपी आला की तो वाचून भरणारे मूलच असते. यंत्राच्या लेखी पडद्यासमोर आई बसलेली आहे.

मग बंदी आणि पडताळणीची ही कुलपे काढूनच टाकायची का? मुळीच नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासमोर अशी दृश्ये चुकून येऊ नयेत, यासाठी ती हवीतच. कंपन्यांवर सक्तीही हवी. पण तेरा-चौदाव्या वर्षी जागे झालेले कुतूहल उत्तर मागते. ‘बोलल्याने मुले बिघडतात’ हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७पासून लैंगिक विषयांवर मोकळेपणाने बोलणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, १९३४मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. आज आपण गप्प बसलो, म्हणून मुले अजाण राहत नाहीत. तो पडदाच त्यांचा शिक्षक होतो, आणि संमती, आदर यांचा धडा त्याच्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४च्या निकालात, मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये जवळ बाळगण्याविरुद्धचा कायदा कठोरपणे लावतानाच, लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला.

पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर हाही विषय निघू द्या. मोबाइल आपणच मुलांच्या हाती दिला आहे. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणेही आपलेच काम आहे.